निपाणीची येझदी आणि वैजनाथचा चढ

ट्रायल्स हा मोटारसायकलचा सगळ्यांत सावकाश खेळ. दगडधोंडे, ओढा, उभा चढ अशा आखून दिलेल्या टप्प्यातून पाय न टेकता गाडी काढायची. पाय टेकला की दंडाचा एक गुण, पुन्हा पुन्हा टेकला तर तीनपर्यंत, टप्पाच फसला तर पाच. ज्याचा दंड कमी तो जिंकला. १९६४ मध्ये ट्रायल्सचे नामांकित स्वार सॅमी मिलर यांनी स्पेनच्या बुल्टाको कंपनीसोबत शेर्पा टी ही हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली, १९६५ ला तिच्यावरच स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली आणि जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस सरले. मग मोंटेसा कोटा, ओसा, यामाहा टीवाय आल्या. ऐंशीच्या दशकात एकाच शॉकअपच्या गाड्या आल्या, आणि आता दोन शॉकअपच्या त्या जुन्या गाड्या युरोपातले हौशी लोक शोधून शोधून घेतात.

बेळगावात शेर्पा शोधत बसण्यात अर्थ नाही. पण माणूस चालतो त्या वेगात न अडखळता ओढणारं इंजिन हा त्या खेळाचा जीव आहे, आणि तसं इंजिन आपल्या भागातल्या कित्येक परड्यांत धूळ खात पडलंय. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढं येझदी बनायच्या. १९९६ ला कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीच्या त्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५ मिलीमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, त्यामुळं कमी आरपीएमला चांगला जोर. शेर्पा शंभर किलोच्या आतली, येझदी त्याहून बरीच जड. तेव्हा उड्या मारायच्या नाहीत, चढ आणि दगड सावकाश चढायचे, एवढाच बेत ठेवा.

मी घेतलेली येझदी रोडकिंग निपाणी भागातल्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याच्या घरची. "आबा रोज पेठंला न्यायचे. ते गेल्यापास्नं तशीच हाय बघा," मुलगा म्हणाला. टाकीवर नवा रंग होता. नव्या रंगाला एक रुपयाही जास्त देऊ नका, ते पैसे इंजिनाला लागणार आहेत. इंजिनाला आधी हात लावून बघा. गरम लागलं तर थंड होईपर्यंत चहा प्या, कारण गार इंजिन कितव्या किकला उठतं हे तुमच्यासमोर कळायला हवं. येझदीचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होतो. तो किक मारून परत जागेवर नीट येतो का, तेही तपासा.

बहुतेक जण गाडी हायवेला नेऊन पळवून बघतात. सत्तरच्या वेगात जुनं इंजिन आपली दुखणी लपवतं. मी ती खळ्यावर पहिल्या गिअरला टाकली आणि थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवून गोल गोल फिरवत राहिलो. आधी ठीक चालली. इंजिन तापलं तसा आरपीएम आपोआप वर चढायला लागला. थ्रॉटल पूर्ण सोडला तरी खाली येईना. मॅग्नेटच्या (गाडीची वीज जिथं तयार होते त्या) बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं की तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि असं होतं. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल इंजिनात ओढलं जाऊन जळतं: गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. सील स्वस्त असतं, पण त्यासाठी इंजिन उघडावं लागतं. मी मुलाला खळ्यावरच सगळं समजावून सांगितलं आणि किंमत त्या हिशेबात ठरली. त्यानंही कुरकुर केली नाही.

कागदांकडं मात्र नीट लक्ष द्या, सीमाभागात निम्मा व्यवहार तोच असतो. मालक वारलेला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर व्हायला हवी, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या. "बुक आहे, सही मारून देतो" यावर पैसे मोजू नका. जुनं आरसी बुक असेल तर गाडीची नोंद ऑनलाइन दिसते का ते बघा. दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते आणि ती विकणाऱ्यानं करून देणंच बरं. चेसिस आणि इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, प्रिंट बुकाशी ताडून बघा. निपाणीची गाडी चिकोडी आरटीओची, म्हणजे केए-२३; बेळगावची केए-२२. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांना फॉर्म २८ ची एनओसी लागेल. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि टॅक्सही भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची मुदत संपलेली नाही ना, तेही बघून घ्या.

काम उद्यमबागेत केलं. फाउंड्री आणि मशीन शॉपचं हे गाव असल्याचा खरा फायदा इथं कळतो. क्रँक उघडणं, कनेक्टिंग रॉडचं किट बसवणं, बोअरिंग, बाजारात न मिळणारा बुश लेथवर काढून घेणं, सगळं एका रस्त्यावर होतं. क्रँक जोडल्यावर ट्रू केलाय का, म्हणजे न डगमगता सरळ फिरतो का, हे मेस्त्रींना विचाराच आणि डायलवर दाखवायला सांगा. पुढचं स्प्रॉकेट कमी दातांचं टाका, त्यानं पहिला गिअर आणखी सावकाश होतो. हँडल उंच घ्या, नाहीतर उभं राहिल्यावर कंबर धरते.

मग हिंडलगा, उचगाव फाटा करत शिनोळी. इथं महाराष्ट्र लागतो. लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी जवळ ठेवा. देवरवाडीवरून वैजनाथच्या देवळाला डांबरी रस्ता जातो, तसाच पुढं महिपाळगडाला. मला हवी होती ती बाजूची जुनी गाडीवाट: लाल माती, वर आलेला जांभा, मध्ये पावसानं खणलेले चर. शेत कुणाचं असेल तर विचारूनच गाडी घाला. विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट एक मामा चर चुकवायची वाट दाखवत पुढं चालत आले. टायरची हवा चौदा पीएसआयपर्यंत उतरवली होती. त्याखाली जाऊ नका, ट्यूब रिमवर सरकते आणि व्हॉल्व्ह तुटतो.

उभ्यानं चालवताना डावा पाय गिअरच्या दांड्यावर टेकू देऊ नका. येझदीत दांडा दाबला की क्लच सुटतो, त्यामुळं ऐन चढावर बुटाचा भार पडला तर ओढच निघून जाते. मी फूटरेस्टवर पायाची टाच मागं घेऊन चढलो. दगडाच्या आधी थ्रॉटल वाढवायचा नाही, चाक दगडाला लागल्यावर अंग हलकं सोडायचं आणि इंजिनाला आपल्या तालात चढू द्यायचं. जांभ्याच्या त्या पायऱ्यांवर एकेक ठोका मोजता येईल इतकी हळू ती चढली, कुठंही बंद पडली नाही. त्या चढाएवढा आनंद मला कुठल्या वेगानं दिलेला नाही.

उतरताना जास्त जपा. या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं (मी लिटरला चाळीस मिली घालतो), त्यामुळं थ्रॉटल बंद करून गिअरवर लांब उतार उतरलात की इंजिनाला ऑइलच पोचत नाही. मधे मधे क्लच दाबून थोडी रेस द्या. ड्रम ब्रेक तापले की थांबा. चढावर इंजिन जड वाटायला लागलं तर लगेच क्लच दाबा आणि सावलीत पुरतं गार होऊ द्या.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथं हे टायर उभे राहत नाहीत. दिवाळी ते फेब्रुवारीत मात्र निपाणी-संकेश्वर भागात उसाचा गळीत हंगाम असतो. दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर अंधारात दिसत नाहीत, म्हणून परत यायचं ते उजेडात. जांबोटी-कणकुंबीकडं गेलात तर मुख्य रस्ता सोडू नका. भीमगड अभयारण्य तिथंच आहे आणि जंगलातल्या वाटा गाडीसाठी नाहीत. घरी आल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी लवकर धरतं आणि जुने रबर फुगतात.