तांब्याची चकाकी आणि १/५० चं शटर

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवायचं काम, करणाऱ्या एका काकांवर छोटी फिल्म करायची ठरली, तेव्हा माझ्याकडे होता तो फोटोंसाठी घेतलेला डीएसएलआर. फोटो काढताना उजेड सांभाळायची सवय हाताला होती. व्हिडिओत तीच बरीचशी मोडावी लागली.

पहिलं काम, ऑटो बंद, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते कॅमेऱ्यावर सोडायचं नाही. चकचकीत भांडं काकांच्या हातात फिरलं की ऑटोवरचा कॅमेरा अख्खी फ्रेम काळवंडवतो, भांडं वळलं की पुन्हा उजळतो. सुट्या फोटोंत हे कळत नाही, सलग चित्रात डोळ्यांना टोचतं. २००८ साली कॅननचा ५डी मार्क २ आला, तेव्हा त्याच्या फुल एचडीनं लोकांना वेड लावलं. पण व्हिडिओसाठी मॅन्युअल एक्सपोजर त्यात नव्हतंच. मग कुणी लेन्स अर्धवट फिरवून सैल ठेवायचे, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आहे तिथेच अडकायचं. कुणी रिंगवर अ‍ॅपर्चर बदलणाऱ्या निकॉनच्या जुन्या लेन्स अडॅप्टरनं बसवायचे. जून २००९ च्या फर्मवेअरनं, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या नव्या सॉफ्टवेअरनं, ती कसरत संपवली. आपण आयते मॅन्युअलवर जातो.

मॅन्युअलवर गेलं तरी शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, हवं तसं बदलता येत नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद, विषय संपला. गंमत म्हणून १/५०० वर एक तुकडा घेतला तर हातोडी खालीवर न होता इथून तिथे उड्या मारताना दिसली. दुसरं कारण ट्यूबलाइटचं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे चोकवरची जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. १/५० मध्ये असे दोन फेरे पूर्ण बसतात आणि प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/६० ला हिशोब अर्धवट राहतो आणि चित्रावर पट्टे दिसायला लागतात. व्हिडिओच्या एनटीएससी आणि पाल अशा दोन पद्धती मेनूत असतात. कॅमेरा एनटीएससीवर असेल तर २५ फ्रेमचा पर्याय बहुधा दिसतच नाही. आधी मेनूत जाऊन पाल करून घ्यावं.

खरा वेळ गेला तांब्यावर. मठारताना हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर बारीक खळगे उमटतात, पत्रा कडक होतो आणि प्रत्येक खळगा वेगळा चमकतो. फिल्मचा विषयच ते खळगे. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं, उजेड जास्त झाला की पट्टे दाखवणारा झेब्रा गप्प होता, उजेडाचा एकच आलेख दाखवणारा हिस्टोग्रामही मधोमध निवांत. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम उघडला तेव्हा लाल रंग उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला. तांब्याचं हेच आहे, एकूण उजेड मर्यादेत असतो आणि लाल एकटा उतू जातो. मग तांबं पिवळट, सपाट होतं आणि खळगे पुसले जातात. फोटो असता तर रॉ फाइलमधून (सेन्सरनं टिपलेली, न दाबलेली माहिती) थोडंफार परत ओढता आलं असतं. या कॅमेऱ्याचा व्हिडिओ ८ बिटचा, दाबून भरलेला. गेलं ते गेलं.

शटरला हात लावायचा नाही, अ‍ॅपर्चर एफ ४ वर हवं, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ८०० वरून ५०० वर आणला. दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). लाल सुटला, पण काकांचा चेहरा अंधारात गेला. संगणकावर चेहरा उजळला की अशा फाइलमध्ये रवाळपणा वर येतो. त्यापेक्षा थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा दाराकडून येणारा उजेड चेहऱ्यावर परतेल असा उभा केला. माझ्या मते पूर्ण शूटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

गल्लीत अडचण उलटी. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/५० ला एफ २२ लागतं (आकडा मोठा, भोक लहान). चित्र जरा मऊ पडतं, शिवाय मागे उभी असलेली प्रत्येक स्कूटर काकांइतकीच स्पष्ट. एफ ४ पर्यंत यायला पाच स्टॉप उजेड अडवावा लागतो, म्हणजे एनडी ३२, लेन्सवर लावायची उजेड अडवणारी काळपट काच.

आतून बाहेर चालत येण्याचा एक सलग शॉट मला फार हवा होता. अ‍ॅपर्चर मधेच बदललं तर उजेड पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो आणि डायलची टिकटिक माइकमध्ये येते. म्हणून फिरवता येणारा एनडी लावला, रिंगवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि काका चालत असताना मी तो हातानं फिरवत गेले. आतल्या अंधारात तो फिल्टर पूर्ण उघडा असूनही उजेड खातो, आयएसओ फार चढवावा लागला. बाहेर आल्यावर वाइड लेन्सवर फिल्टरची काळी फुली उमटायला लागली. काका उंबऱ्यातूनच म्हणाले, “झालं का गं तुझं? चहा निवतोय.” मी तो शॉट सोडला. आतला वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे ठोक्यांचा आवाज तसाच पुढे ओढला. एडिटवर कुणाला जोड जाणवला नाही.

१८-५५ ची किट लेन्स असेल तर चालू शॉटमध्ये झूम करू नये, ३.५ वर उघडी असेल तर झूम करता करता ५.६ ला येते आणि चित्र हळूहळू काळवंडतं. आणि फिल्टर घ्यायचाच तर आपल्या ज्या लेन्सचं तोंड सर्वांत मोठं, तिच्या मापाचा घ्यावा. मी ७७ मिमीचा घेतला. ५२ आणि ५८ च्या लेन्सना स्टेप-अप रिंगा लावल्या की तोच सगळीकडे बसतो.