केगाव ते हत्तूर : सोलापूरच्या बाह्यवळणाने विजयपूरकडे

तुळजापूरहून विजयपूरला (पूर्वीचे विजापूर) जाताना या वेळी आम्ही सोलापूर शहरात न शिरता केगाव–हत्तूर बाह्यवळणाने गेलो. याच वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, असा तपशील येथे देत आहे.

तुळजापूर ते सोलापूर हा टप्पा आता सुखाचा आहे. सोलापूर–तुळजापूर–उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या ९८.७ किलोमीटरच्या चौपदरी मार्गाचे लोकार्पण ९ जानेवारी २०१९ रोजी झाले आणि त्यातच तुळजापूरसाठी ३.४ किलोमीटरचे बाह्यवळणही बांधले गेले. मात्र कोजागरीच्या सुमारास या रस्त्याने निघू नये. सोलापुरातून लाखो भाविक पायी तुळजापूरला जातात आणि त्यांच्यासाठी हा मार्ग वाहनांना बंद करून वाहतूक अन्य रस्त्यांनी वळवली जाते.

नवख्या चालकाची गफलत होते ती तुळजापूर नाक्यावर. विजयपूर दक्षिणेला असल्याने सरळ शहरात जावेसे वाटते. परंतु येथे उजवीकडे, म्हणजे पुण्याच्या दिशेने वळावे, जुना पुणे नाका आणि बाळे मागे टाकून केगावपर्यंत जावे आणि विद्यापीठाच्या परिसरात आल्यावर वेग कमी करून विजयपूरचा फलक पाहूनच डावीकडे वळावे. अंतर वाढते, तरीही वेळ वाचतो. इंधन, पाणी आणि जेवण पुणे रस्त्यावरच उरकून घ्यावे, कारण पुढे फारशी सोय नाही.

सोलापूर ही जुन्या राष्ट्रीय महामार्गांची मोठी गाठ आहे. पुणे–हैदराबाद हा ९ क्रमांकाचा मार्ग येथून जात असे, धुळ्याचा २११ आणि मंगळुरूचा १३ क्रमांकाचा मार्ग येथूनच निघत असे. २०१० च्या नव्या क्रमांकनानंतर पहिला ६५ झाला आणि उरलेल्या दोहोंचे सोलापूरकडचे भाग ५२ मध्ये आले. उत्तरेकडून कर्नाटकात जाणारा माल त्या काळी सात रस्ता, पत्रकार भवन, विजापूर नाका, सैफुल अशा भर वस्तीतून जाई. शाळकरी मुलांच्या सायकली आणि दहा-बारा चाकी मालमोटारी एकाच रस्त्यावर, हे चित्र सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आणि त्याची किंमत जीव देऊन मोजली. विजयपूर रस्त्याच्या चौपदरीकरणात हे बाह्यवळण झाले, हा या शहराला मिळालेला फार मोठा दिलासा आहे.

बाह्यवळण वीसेक किलोमीटरचे आहे. देगावच्या बाजूला मंगळवेढा रस्ता मिळतो. सांगलीकडे जाणाऱ्यांनी तेथेच उतरावे. रस्ता रुंद असला तरी काळ्या मातीचा हा पट्टा पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो, त्यामुळे भरावावर कोठे कोठे गाडी लाटेवर चढल्यासारखी उचलली जाते. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री विशेष जपावे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना मागे दिवा असतोच असे नाही. एका ठिकाणी तर बंद पडलेली मालमोटार निघून गेली होती आणि तिच्या चाकांना लावलेले डोक्याएवढे दोन दगड डाव्या मार्गिकेत तसेच पडले होते. आम्ही थांबून ते बाजूला केले. असे दगड अंधारात जीवघेणे ठरतात, म्हणून रात्री या रस्त्याने ताशी साठच्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हत्तूरला विजयपूर रस्ता लागतो. पुढे वडकबाळला सीना आणि टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक सुरू होते. पावसाळ्यात निघण्यापूर्वी सीनेच्या पाण्याची चौकशी अवश्य करावी. सप्टेंबर २०२५ च्या पुरात विजयपूर रस्त्यावरची आणि पुणे रस्त्यावर लांबोटीजवळची वाहतूक थांबवावी लागली होती.

हे वळण शहराच्या पश्चिमेचे आहे. हैदराबाद किंवा अक्कलकोटकडून विजयपूरला जाणाऱ्यासाठी पूर्वेकडून असा रस्ता नाही आणि माझ्या मते आता सर्वांत निकडीचे काम तेच आहे. तोवर हैदराबाद रस्त्याने येणाऱ्या जड वाहनांनी मार्केट यार्ड, तुळजापूर नाका आणि बाळे असा उत्तरेकडून वळसा घालून केगाव गाठावे. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा मोटारींनीही हाच मार्ग धरावा.