जिन्यावरचे पिंप आणि तीन फासे

फाशांवर चालणाऱ्या कथाखेळात गेम मास्टर म्हणून, म्हणजे प्रसंग रंगवणारा, शत्रू चालवणारा आणि निकाल देणारा म्हणून बसायला लागल्यावर पहिले काही महिने माझा असा समज होता की लढाईचे नियम पाठ असले म्हणजे निकाल आपोआप न्याय्य होतात. आम्ही खेळतो त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत वार करणे, धरून ठेवणे, ढकलणे, आडोसा घेणे या सगळ्याची सोय आहे. पण खेळाडूला ऐन वेळी काय सुचेल याची यादी कोणत्याही पुस्तकात मावत नाही, आणि माझी फजिती नेमकी तिथेच झाली.

अरुंद जिन्याच्या वरच्या टोकाला एक योद्धा उभा होता, खालून तीन डाकू चढत होते, आणि वर्णनाच्या ओघात मी कोपऱ्यात एक भरलेले पिंप ठेवून दिले होते. ‘‘ते आडवे पाडून खाली ढकलतो,’’ योद्ध्याचा खेळाडू म्हणाला. कल्पना मला फार आवडली, आणि बहुधा त्यामुळेच मी तिच्यावर नियमांचा मारा केला: पिंप हलवायला ताकदीचा फासा, ते अंगावर जायला हल्ल्याचा फासा, वर डाकूंना बाजूला होण्यासाठी बचावाचा फासा. पहिला लागला, दुसऱ्यावर चार पडले, आणि पिंप भिंतीला आपटून थांबले. त्यानंतर सत्र संपेपर्यंत तो प्रत्येक पाळीला एकच वाक्य बोलला: ‘‘तलवारीने वार.’’

रात्री कागदावर हिशेब मांडला तेव्हा चूक कळली. प्रत्येक टप्प्यावर यशाची शक्यता निम्मी धरली, तरी तीन टप्पे पार पडण्याची शक्यता साडेबारा टक्केच उरते. तलवारीला मात्र त्याच शत्रूवर वीस बाजूंच्या फाशावर सात किंवा अधिक पुरे होते, म्हणजे सत्तर टक्के. मी ‘नाही’ म्हटले नव्हते, पण फाशांआडून नकारच दिला होता, आणि तोंडावर दिलेल्या नकारापेक्षा तो अधिक अप्रामाणिक होता असे मला आजही वाटते.

तेव्हापासून एका युक्तीला एकच निर्णायक फासा ठेवतो. पिंपाच्या बाबतीत तो डाकूंच्या बचावाचा असायला हवा होता, कारण उतारावर सुटलेल्या पिंपाला नेम धरावा लागत नाही. नुकसानासाठी गेम मास्टरच्या मार्गदर्शक पुस्तकातला तक्ता हाताशी असतो: अंगावर पुस्तकांचे कपाट कोसळले तर दहा बाजूंचा एक फासा, आगीच्या खड्ड्यात धडपडले तर दोन. पिंप मी कपाटाच्या रांगेत बसवले असते. सरासरी साडेपाच म्हणजे तलवारीपेक्षा कमी; पण तिघांना एकदम लागते आणि ज्याचा बचाव चुकतो तो आडवाही पडतो, शिवाय पिंप एकच असल्याने ही चाल पुन्हा पुन्हा चालत नाही.

पुढे मी दुसऱ्या टोकालाही गेलो. एकीने शत्रूच्या डोळ्यांत वाळू फेकली आणि मी उदार होऊन त्याला लढाई संपेपर्यंत आंधळे ठरवले. पुढच्या लढाईत सगळ्यांच्या खिशांत वाळू होती. खेळ थांबवून मी चूक कबूल केली आणि परिणाम फेकणाऱ्याच्या पुढच्या पाळीच्या अखेरीपर्यंतच राहील असे ठरवले. त्यावर थोडी कुरकुर झाली, पण मी माघार घेतली नाही.

आता फासा पडण्याआधी मी किती लागतील आणि चुकल्यास काय होईल ते सांगतो, आणि खेळाडूला हवे असल्यास विचार बदलू देतो. नियमावरून वाद निघालाच, तर दोन मिनिटांत निकाल देऊन तो वहीत टिपतो आणि पुस्तक सत्रानंतर उघडतो. वहीतला निकाल शत्रूंनाही लागू असतो.

मध्यंतरी एका मनोऱ्याच्या जिन्यावर माझ्या पहारेकऱ्यांनी वरून पिंप सोडले. योद्ध्याच्या त्याच खेळाडूने वही पुढे ओढली, पान शोधले आणि विचारले, ‘‘बचाव चुकला तर दहाचा एकच फासा ना?’’ मी हो म्हटले. त्याच्या फाशावर तीन पडले, तो आडवा झाला, आणि पडल्या पडल्याच त्याने विचारले की ते पिंप आता नेमके कुठे जाऊन थांबले आहे.