काढा की ठेवा

बाबा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे बॉस्टनला होते, सहा महिन्यांच्या मुक्कामाचे शेवटचे दिवस, आईच्या बॅगा भरून झालेल्या आणि वजनकाट्यावर तीनदा चढवून झालेल्या. शनिवारची रात्र. टीव्हीवर बेसबॉल. आमचे बॉस्टनचे रेड सॉक्स विरुद्ध लॉस एंजेलिसचे डॉजर्स, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे सात सामन्यांच्या फायनलचा, चौथा सामना, आणि आम्ही ०-४ ने मागे. डॉजर्सचा रिच हिल नावाचा अडतीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे तिथला बॉलर, आमच्या लोकांना अक्षरशः नाचवत होता, नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत एकच हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, दिलेली. आणि डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स डगआउटमधून निघाला, चालत चालत मैदानाच्या मधोमध गेला, हात पुढे केला, हिलने बॉल त्याच्या हातात ठेवला आणि मान खाली घालून निघून गेला.

बाबा म्हणाले, "चांगला टाकतोय की तो. काढला कशाला?"

मी म्हटलं, बाबा, ते शास्त्र आहे.

"बरं, मग नंतर आणेल परत."

नाही आणता येत. एकदा काढला की त्या दिवसापुरता संपला.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं जणू हा नियम मीच केलाय. आयुष्यभर क्रिकेट बघितलेल्या माणसाला हे पटणं कठीणच आहे म्हणा. तिकडे कॅप्टन बॉलरला दोन ओव्हर टाकून बाजूला ठेवतो, मिडऑफला उभा करतो, विकेट हवी झाली की पुन्हा बोलावतो. इथे मॅनेजरचा हात पुढे झाला की विषय बंद. (आईचा प्रश्न वेगळाच होता, एवढा पोक्त माणूस पोरांसारखा तोच ड्रेस घालून का बसलाय. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, पण बेसबॉलचे मॅनेजर खरंच टीमचा ड्रेस घालून बसतात.)

पुढे काय झालं ते सांगायलाच पाहिजे. हिल गेला, त्याच इनिंगमध्ये आमच्या मिच मोरलंडने तीन रनचा होमरन, म्हणजे बेसबॉलचा सिक्सर, मारला, आठव्यात स्टीव्ह पिअर्सने बरोबरी केली, आणि आम्ही ९-६ ने जिंकलो. दुसऱ्या दिवशी सिरीजच जिंकली. सगळा देश त्या रॉबर्ट्सला शिव्या घालत होता आणि मी सोफ्यावर बसून बाबांना सांगत होतो की निर्णय तसा बरोबरच होता हो, तिसऱ्या फेरीचं गणित असतं.

ते गणित खोटं नाही. बॅटर एकाच पिचरसमोर एका सामन्यात तिसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला बरंच काही कळलेलं असतं, बॉल हातातून कुठून सुटतो, कधी संथ येतो, अडचणीत आल्यावर हा काय टाकतो. मी आईला भाजीवाल्याचं उदाहरण दिलं होतं. पहिल्यांदा तो सांगेल तो भाव, दुसऱ्यांदा घासाघीस, तिसऱ्यांदा जाल तेव्हा त्याचा शेवटचा आकडा तुम्हाला माहीत असतो. आईला लगेच पटलं. म्हणून आजकाल मॅनेजर तिसरी फेरी यायच्या आत पिचर बदलतात, आणि टॅम्पाच्या टीमच्या लोकांनी तर २०१८ मध्ये एक-दोन इनिंगपुरताच पिचर सुरुवातीला आणायची टूम काढली. पूर्वी नऊच्या नऊ इनिंग टाकणारे बाप लोक असायचे वगैरे मी बोलणार नाही, ते बोलणारे काका प्रत्येक खेळात असतात.

पण मला हे गणित पटायला लागलं ते काही पुस्तक वाचून नाही, मार खाऊन. १६ ऑक्टोबर २००३. मी अमेरिकेत नवीन, तीन रूममेट, एक टीव्ही, जमिनीवर गादी. सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्कचे यांकीज, सातवा सामना, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. पेड्रो मार्टिनेझ पिचिंगला आणि सॉक्स ५-२ ने पुढे. मला खेळ अर्धाच कळत होता, पण सातवी इनिंग संपल्यावर पेड्रोने आभाळाकडे बोट केलं, माणूस काम संपवून घरी निघतो तसं, ते कळलं. शंभर बॉल टाकून झालेले. आणि आठव्या इनिंगला तोच परत आला! यांकीजच्या जीटरचा डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, विल्यम्सची हिट, ५-३. मग मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, गेला. आम्हाला वाटलं काढला. त्याने पेड्रोला काहीतरी विचारलं, पेड्रो काहीतरी बोलला, आणि लिटल एकटाच परत आला. आमच्यातला एक जण तेव्हाच उठून भांडी घासायला गेला, इतकं त्याला पुढचं दिसलं होतं. मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, ५-५. मध्यरात्र उलटल्यावर अकराव्या इनिंगला एरन बूनने होमरन मारला आणि खेळ खल्लास. शुक्रवारी ऑफिसात सुतक होतं, खरंच, लोक डोनटसुद्धा हळू आवाजात खात होते. लिटलचं काँट्रॅक्ट संघाने पुढे वाढवलं नाही, आणि मी, ज्याला दीड वर्षापूर्वी होमरन म्हणजे काय माहीत नव्हतं, सगळ्यांना सांगत होतो की दमलेल्या माणसाला विचारायचं नसतं, काढायचं असतं.

आता २०२०. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टॅम्पा विरुद्ध डॉजर्स. टॅम्पाचा ब्लेक स्नेल. ७३ बॉल फक्त, नऊ जण स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, दोन हिट, टॅम्पा १-० ने पुढे. डॉजर्सच्या वरच्या तीन बॅटर्सनी त्याच्यासमोर मिळून सहा वेळा बॅटिंग केली होती आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट. सहाव्या इनिंगला एक जण बाद, दुसरी हिट गेली, आणि ते वरचे तिघे तिसऱ्या फेरीला येणार, तर मॅनेजर केव्हिन कॅश निघाला. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो, अरे नको! पुढचा बॅटर मूकी बेट्स होता, त्याच वर्षापर्यंत आमचा. त्याने नवीन पिचरला आल्या आल्या डबल मारला, मग एक वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरला न सापडलेला भरकटलेला बॉल, १-१, मग एका साध्या ग्राउंडरवर, जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर, मूकी पळत होम बेसला, २-१. संपलं सगळं, शेवटी ३-१. डॉजर्सच्या डगआउटमध्ये हसणारा मॅनेजर कोण, तर तोच डेव्ह रॉबर्ट्स.

भारतात बुधवारची सकाळ. बाबांचा फोन. मी अर्धा तास कॅशच्या नावाने खडे फोडले, समोर माणूस काय टाकतोय ते डोळ्यांनी दिसत नाही का, कागद काय बघायचा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "तूच म्हणाला होतास ना, शास्त्र आहे."

म्हणजे पेड्रोला ठेवला म्हणून शिव्या, स्नेलला काढला म्हणून शिव्या, आणि हिलला काढला तेव्हा मात्र शास्त्र. बरं, स्नेल माझ्या टीमचाही नाही. मला त्या रात्री मूकीने जिंकायला हवं होतं आणि डॉजर्सने हरायला, हे कसं जमवणार होतो देव जाणे.

मूकीचं दुःख वेगळंच आहे. २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आमचा स्वतःचा घडवलेला पोरगा, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या मालकांनी त्याला डेव्हिड प्राइससकट डॉजर्सला देऊन टाकला. बदल्यात व्हर्डूगो, वाँग आणि एक जीटर डाउन्स. जीटर! यांकीजच्या जीटरवरून नाव ठेवलेला पोरगा आमच्या गळ्यात. कारण काय तर मूकीला पुढे द्यावे लागतील ते पैसे. डॉजर्सने त्याच जुलैमध्ये त्याला १२ वर्षांचे ३६.५ कोटी डॉलर दिले आणि त्यानंतर त्याच्यासोबत २०२०, २०२४, २०२५ अशा तीन सिरीज जिंकल्या. माझ्या मुलीकडे त्याचा ५० नंबरचा टीशर्ट होता. नऊ वर्षांची होती, विचारलं, त्याला विचारलं होतं का? मी म्हटलं, विचारत नाहीत बहुतेकदा. आता तो टीशर्ट झोपताना घालते, पाठीवरचा शून्य निम्मा उडालाय.

आणि तरी ट्रेड वाईटच असं म्हणायची सोय नाही. ३१ जुलै २००४ ला आमचा लाडका स्टार नोमार गार्सियापारा दुसऱ्या टीमकडे गेला तेव्हा बॉस्टनमध्ये धाय मोकलून रडायचे बाकी होते लोक. बदल्यात आला तो मिंटकेविच तर त्या दिवशी मिनेसोटाचाच खेळाडू होता आणि आम्ही मिनेसोटातच खेळत होतो, म्हणजे सकाळी माहेर, संध्याकाळी समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये सासर, आणि सासरच्या बाजूने माहेराविरुद्ध मैदानात. त्याच दिवशी गाजावाजा न होता अजून एक माणूस आला, ज्याने ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे असताना, चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगला, सगळ्या स्टेडियमला माहीत असताना सेकंड बेस चोरला, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच धावत तिथे पोचला. तिथून आम्ही चारही सामने जिंकलो आणि ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज. बेस चोरणारा तो माणूस डेव्ह रॉबर्ट्स. हो, तोच.

बाबांना मी हसायचो, पण हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईला आला आणि रोहितची कॅप्टनशिप गेली तेव्हा साताऱ्यातून रोज फोन. वानखेडेवर लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली तर बाबा म्हणे बरोबर केलं. मग जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये त्याने फायनलची शेवटची ओव्हर टाकली आणि बाबा म्हणाले, "मी म्हणतच होतो, पोरगा जिगरबाज आहे." मी चहाचा घोट मोठ्याने घेतला.

मुलीने आता एक नियम काढलाय. मॅनेजर डगआउटमधून निघाला की टीव्ही पॉज, आणि फ्रीजवरच्या कागदावर मी लिहायचं, काढा की ठेवा. नंतरचं मत चालणार नाही. पहिल्या आठवड्यात चार चुकले, दोन बरोबर. सातव्यांदा मी पेन घेऊन फ्रीजसमोर बराच वेळ उभा राहिलो आणि लिहिलं, बघू.

ते धरत नाहीत म्हणे.