दुसरा शॉट आमच्या डोक्यातला

चित्रपट स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं परीक्षण म्हणजे मान थोडा आणि पाठदुखी फार. सकाळी प्रिव्ह्यू थिएटरात शिरायचं ते रात्रीच बाहेर पडायचं. मी पेशाने संकलक (फिल्म एडिटर), त्यामुळे अंधाऱ्या खोलीची सवय आहे. समितीत माझ्याशिवाय एक ज्येष्ठ दिग्दर्शक (ते अध्यक्ष), एक लेखिका, एक छायालेखक आणि एक नाट्यसमीक्षक.

त्या दिवशीच्या पहिल्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत मुख्य नटाचं नाव झळकलं आणि लेखिकाताईंनी चष्मा काढून ठेवला. या गृहस्थांनी समाजमाध्यमांवर जे काही लिहिलं होतं, त्यावरून नुकताच बराच धुरळा उडाला होता. "हा माणूस माझ्या डोक्यात जातो, आधीच सांगून ठेवते," ताई म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. आता चष्मा लावा."

भूमिका होती ऊसतोडीच्या मुकादमाची. पळून गेलेल्या मजुराच्या कोपीवर (झोपडीवर) तो उचलीचे, म्हणजे आगाऊ दिलेले, पैसे मागायला येतो, तेव्हा घरात मजुराची म्हातारी आई असते. तो आवाज चढवत नाही. तिने पुढे केलेलं पाणी पितो, भांडं स्वतः विसळून ठेवतो आणि मग हिशेबाची वही उघडतो. चारेक मिनिटांचा हा प्रसंग एकाही कटशिवाय घेतला होता. बेताचा नट आमच्या संकलनाच्या टेबलावर सावरून घेता येतो. एका टेकमधला थांबा उचलायचा, फसलेलं वाक्य समोरच्याच्या चेहऱ्यावर टाकायचं, की काम भागतं. इथे तशी सोयच नव्हती. जे होतं ते त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून केलेलं होतं.

मध्यंतरात नाट्यसमीक्षक म्हणाले, "अभिनय कसला त्यात? तो मुळात तसाच आहे." मी विचारलं, "आणि त्याने कीर्तनकाराचं काम केलं असतं तर?" "मग ढोंगी म्हटलं असतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. म्हणजे दोन्हीकडून नापासच!

अध्यक्षांनी मग 2006 सालची गोष्ट काढली. 'लगे रहो मुन्नाभाई' सप्टेंबरात प्रदर्शित झाला आणि नोव्हेंबरात टाडा न्यायालयाने संजय दत्तला शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरवलं. पुढे तो येरवड्यात शिक्षाही भोगून आला. त्या सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र या सिनेमाला निखळ मनोरंजनाचा पुरस्कार मिळाला, शिवाय पटकथेचा आणि गीतांसाठी स्वानंद किरकिरेंना. दिलीप प्रभावळकरांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, त्यात यातले गांधीजी होते आणि मराठी 'शेवरी'तलं कामही. नायकाचा खटला कोणी पटकथेच्या खात्यात मांडला नाही.

इथे एक सांगतो. प्रेक्षक म्हणून मीही दोन-तीन नटांचे सिनेमे बघत नाही. पैसे माझे, संध्याकाळ माझी. पण गुणपत्रक हे तिकीट नव्हे. त्यावर दिग्दर्शकापासून लाइटबॉयपर्यंत शेकडो जणांचं काम असतं, आणि त्यातल्या कोणीही ती पोस्ट लिहिलेली नसते.

खरी पंचाईत दुपारी झाली. दुसऱ्या सिनेमात काही महिन्यांपूर्वी गेलेला, सगळ्यांचा लाडका नट होता, निवृत्त एसटी कंडक्टरच्या भूमिकेत. पडद्यावर तो दिसला आणि मागून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. शेवटाकडे छायालेखकही डोळे पुसत होते. दिवे लागले आणि नऊ-नऊ गुणांची भाषा सुरू झाली. सकाळी निदान ताईंनी आपला राग आधी सांगितला होता. दुपारी आपल्याला हा नट आवडतो असं कोणी आधी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

माझ्या कानांना मात्र काहीतरी टोचत होतं. भर बाजारातल्या प्रसंगातही त्याचा आवाज बंद खोलीतला वाटत होता आणि 'स' वेगळाच लागत होता. शेवटची श्रेयनामावली पुन्हा लावायला सांगितली. डबिंग दुसऱ्या कलाकाराचं होतं. हे काही जगावेगळं नाही. संजीवकुमार गेल्यावर त्यांच्या राहिलेल्या कामाला सुदेश भोसल्यांनी आवाज दिला होता. पण इथे आवाज त्याचा नव्हता आणि लांबच्या शॉट्समधली पाठही बहुधा त्याची नव्हती. उरले थोडे क्लोजअप, तेही बरेचसे निर्विकार. मग आम्ही रडलो कशावर?

संकलनाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात कुलेशॉव्हचा प्रयोग शिकवतात. या रशियन दिग्दर्शकाने मोझुखिन नावाच्या नटाचा एकच भावशून्य क्लोजअप घेतला आणि तो कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीतल्या मुलीला जोडला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुःखही दिसलं, आणि त्यांनी अभिनयाची तारीफ केली असं सांगतात. आमच्या बाबतीत दुसरा शॉट पडद्यावर नव्हताच. तो आम्ही घरून आणला होता: वर्तमानपत्रातली श्रद्धांजली, अंत्ययात्रेची दृश्यं, लहानपणी पाहिलेली त्याची नाटकं. सकाळच्या मुकादमालाही तेच झालं होतं, फक्त तिथे जोडलेला शॉट त्याच्या पोस्टचा होता.

मी हे बोललो तेव्हा कोणाला फारसं आवडलं नाही. "मेलेल्या माणसाचे गुण कापायचे का?" समीक्षक तडकले. त्यावर अध्यक्षांनी तोडगा काढला. अभिनयाचा रकाना शेवटी भरायचा, आणि ज्या प्रसंगासाठी गुण देताय तो समासात लिहायचा. प्रसंग आठवत नसेल तर गुण नाहीत.

कागदांवर बराच वेळ कोणाचं पेन हललं नाही. शेवटी समीक्षकांनीच एक प्रसंग शोधला. कंडक्टर तिकिटांची जुनी पेटी उघडतो आणि आतल्या कप्प्यांवरून बोट फिरवतो. त्यात संवाद नाही, चेहरा आणि हात त्याचेच. तेवढ्यासाठी सगळ्यांनी चांगले गुण दिले आणि ते त्याचे हक्काचे होते. पटकथा, ध्वनी आणि संकलन यांत मात्र सिनेमा मागे पडला आणि पुढच्या फेरीत गेला नाही. मुकादमाचा गेला, अभिनयाच्या शिफारशीसह.

त्या शिफारशीवर लेखिकाताईंनीही सही केली. समासात त्यांनी लिहिलं होतं: 'भांडं विसळतो तो प्रसंग'. कागद पुढे सरकवत अध्यक्षांना म्हणाल्या, "याला बक्षीस मिळालं तर द्यायला स्टेजवर मला बोलावू नका, तेवढं बघा."