अंधार करून दाखवा, एवढंच म्हणत होते मी

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात मी प्रोजेक्टरसाठी पाच वेळा गेले. त्यातल्या चार वेळा तिथली ट्यूबलाइट बंद झाली नाही. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

घरी सिनेमा बघायला खोली ठरली होती, वरच्या मजल्यावरची १२ बाय १४ फुटांची. बजेट सव्वा लाखाचं. सव्वासात फूट रुंद, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०० इंची पडद्याला भिंत पुरत होती. हे सगळं एका रविवारी उरकलं. अडलं ते कुठल्या जातीचा प्रोजेक्टर घ्यायचा यावर.

महिनाभर रात्री जागून वाचलं तेव्हा कळलं की मुख्य प्रकार तीन. पहिला डीएलपी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली याची चिप शोधली. फुल एचडी चिपवर वीस लाखांच्या वर बारीक आरसे असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा हलतात. दुसरा थ्रीएलसीडी, एप्सनचे प्रोजेक्टर या जातीचे. यात उजेडाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग होतात, प्रत्येकाला वेगळं पॅनेल, आणि प्रिझममध्ये ते परत एकत्र येतात. तिसरा एलकॉस. सोनीचा एसएक्सआरडी आणि जेव्हीसीचा डीआयएलए हे त्याचेच प्रकार. काळा रंग खरा काळा पाहायचा तर हाच, पण आमच्या बजेटच्या कितीतरी पुढे. तो विषय तिथेच संपला.

उरले दोन. डीएलपीत चिप एकच असली की तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर येत नाहीत, एकामागून एक येतात. ते इतक्या झपाट्यानं येतात की मेंदू त्यांचं एक चित्र करतो. पण नजर पटकन सरकली की काहींना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-हिरव्या-निळ्या रेषा चमकून जाताना दिसतात. याला रेनबो इफेक्ट म्हणतात. कुणाला तो जन्मात दिसत नाही, कुणाचं दहा मिनिटांत डोकं दुखतं. वाचून हे ठरवता येत नाही, स्वतःच्या डोळ्यांनीच बघावं लागतं. तेवढ्यासाठीच मी त्या दुकानात गेले होते.

पहिल्या दिवशी डीएलपी लावून दाखवला तो भर उजेडात. पडद्यावर फुलं, पोपट आणि समुद्र. मी म्हटलं, लाइट बंद करा आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असलेलं काही लावा. विक्रेता माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांना म्हणाला, "सर, याचे लुमेन पाहा ना, उजेडातही किती मस्त दिसून राहिलं." लुमेन म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप. पण आम्हाला उजेडात पाहायचंच नव्हतं! १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट. थिएटरात डिजिटल सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला १४ लुमेन, उजेड धरतात. दोन्हींचा गुणाकार केला तर साध्या पांढऱ्या पडद्याला अंधाऱ्या खोलीत सव्वाचारशे लुमेन पुरतात. दिव्याचा उजेड पुढे उतरतो हे धरूनही हजार-दीड हजार लुमेन भरपूर झाले. मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. (लुमेन विचाराल तेव्हा एएनएसआय किंवा आयएसओ लुमेनच विचारा, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीनं मोजलेले. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना काही अर्थ नसतो.)

दुसऱ्या वेळी सांगितलं, डेमो रूममध्ये माल ठेवला आहे, बुधवारी या. बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून गेले तर चावी मालकाकडे आणि मालक गावाला. चौथ्या वेळी म्हणाले, अंधारात डेमो पाहिजे तर आधी १०,००० टोकन द्या, मशीन पुण्याहून मागवावं लागेल. मी दिले, आणि ती माझी चूक झाली. नुसतं बघण्यासाठी पैसे मोजायला नकोच होते.

तीन आठवड्यांनी फोन आला. पाचव्या फेरीला लेकीला सोबत नेलं. या वेळी ट्यूबलाइट बंद झाली. परत तीच फुलं. मी पेन ड्राइव्ह पुढे केला तर म्हणे, "मॅडम, बाहेरचा चालत नाही, व्हायरस येते." मी घरून लॅपटॉप नेला होता, तो जोडायला लावला. काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकू लागली. मला काहीच दिसलं नाही, ह्यांनाही नाही. लेक मात्र मिनिटभरात म्हणाली, "आई, अक्षरांना रंग लागून राहिले. तुला नाही दिसत?" मी तिला बोटं फाकवून उजेडासमोर हात हलवायला सांगितलं. बोटांच्या सावल्या लाल-निळ्या फुटलेल्या मग आम्हालाही दिसल्या. ही युक्ती कुठल्याही दुकानात करता येते, दोन सेकंद लागतात.

त्यावर तो विक्रेता म्हणाला, "असं काही नसते मॅडम. पोरीचे डोळे तपासून घ्या." माझ्या बारा वर्षांच्या मुलीला, तिच्या तोंडावर. तिचे डोळे उत्तम आहेत. तिला जे दिसलं ते खरं होतं, आणि ज्याचा धंदाच हा आहे त्याला ते ठाऊक असायला हवं होतं. ती एवढंसं तोंड करून माझ्याकडे पाहत होती, ते मी विसरलेले नाही.

टोकन परत मागितलं तर क्रेडिट नोट पुढे केली, दुसरा माल घ्या म्हणाले. मी लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करणार असल्याचं त्यात लिहिलं. एकोणिसाव्या दिवशी पूर्ण पैसे खात्यात आले.

धरमपेठेत दुसऱ्या एका दुकानात गेले तर तिथले काका म्हणाले, "ताई, रात्री साडेआठनंतर या, शटर ओढून घेतो." अर्धा तास त्यांनी आम्हाला थ्रीएलसीडी अंधारात पाहू दिला. लेक म्हणाली, आता काही नाही दिसत. त्याच आठवड्यात घेतला.

त्यातही उणं आहे. रात्रीच्या प्रसंगात काळा रंग थोडा करडा दिसतो. पांढऱ्या भिंती उजेड पडद्यावर परत फेकतात म्हणून छत आणि बाजूच्या भिंती गडद राखाडी रंगवल्या, तेव्हा पुष्कळ फरक पडला. दुसरं म्हणजे धूळ. एलसीडी पॅनेलवर कण बसला तर पडद्यावर डाग दिसतो, म्हणून हवेचं फिल्टर दर महिन्याला साफ करते. त्या खोलीत कूलर लावत नाही, कारण तो ओल आणि धूळ दोन्ही आत ओढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली असते. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत ३५ अंशांची मर्यादा दिली आहे. आधी तासभर एसी, मग सिनेमा.

अंतर मोजायचं राहिलं सांगायचं. प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब लावायचा, तर थ्रो रेशो (हा आकडा मशीनच्या माहितीत असतो) गुणिले पडद्याची रुंदी. १.२ चा रेशो असेल तर १०० इंचाला पावणेनऊ फूट लागतात. मिस्त्रीला बोलवायच्या आधी हे करा आणि मशीन पडद्याच्या मध्यावर येईल असंच टांगायला सांगा. तिरकं टांगून कीस्टोननं, म्हणजे मशीनमधल्या तिरपेपणा काढायच्या सोयीनं, चित्र सरळ केलं की पिक्सेल वाया जातात.

आणि टोकन द्यायची वेळ आलीच तर पावतीवर लिहून घ्या: "अंधारात डेमो पाहून पसंत न पडल्यास पूर्ण रक्कम परत, क्रेडिट नोट नाही." खाली सही आणि तारीख. मी घेतलं नव्हतं.