पाया हितंच संपला की

सांगलीच्या गावभागातलं ते घर दगड-मातीचं, भिंती दीड फूट जाड. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45), तेव्हा या घरात छातीभर पाणी होतं. त्यानंतर काकांनी तळमजल्याची फरशी दोनदा बदलली. तरी जुलै आला की टाइल्सवर पाणी. मला बोलावलं तेच हुकूम सोडत: "खाली थर्माकोल घाला, वर फरशी बसवा. हिचे गुडघे गारठतात."

पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय पहार मारायची नाही, हा माझा हट्ट. दीड फूट चौरस प्लास्टिकचे तीन तुकडे, मधोमध सांधे येतील असे, चारी कडांना टेप लावून चिकटवले. सकाळी पाहिलं, तर मधल्या खोलीत थेंब प्लास्टिकच्या वर, देवघराच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खाली. म्हणजे पाणी दोन जातीचं. वरचं हवेतलं: दमट हवा गार फरशीला लागली की घाम सुटतो, आणि त्याला थर्माकोलसारखा थर हवाच. खालचं मात्र जमिनीतलं, ते थर्माकोलने नुसतं झाकलं जाईल.

काकू म्हणाल्या, "सासूबाईंच्या सारवलेल्या जमिनीला कधी घाम नाही फुटला." खरंच होतं. सारवण ओल पितं आणि सावकाश सोडतं. टाइलला ते कुठलं जमणार!

बाहेर गेलो तर पुरानंतर भिंतीला चिकटून ओतलेला कोबा, आतल्या फरशीपेक्षा दोन बोटं वर. पागोळ्यांचं सगळं पाणी भिंतीच्या मुळात.

खोदाई दहा इंच ठरवली होती. पण खाली काळी माती मऊ लागली म्हणून पोरं कडक जमीन शोधत खाली गेली, तीही भिंतीला लागून. दुपारी गवंड्याने हाक मारली, "साहेब, पाया हितंच संपला की!" वाकून बघितलं. जेमतेम फूटभर खाली शेवटचा दगड, त्याखाली ओली माती, पहार हाताने दाबली तरी आत जाणारी. भिंत सात-आठ फूट लांबीत उघडी पडली होती. पोटात गोळा आला. काका-काकूंना वाड्याबाहेर बसवलं आणि अंधार पडेपर्यंत दगड-मुरूम ठोकून ती चर भरली. चूक माझी होती. एक खड्डा आधी घेऊन पाया पाहायचा, हे मी शिकाऊ पोरांना सांगतो.

मग सगळं आखडतं घेतलं. भिंतीपासून फूटभर सोडून, चार-चार फुटांच्या पट्ट्या, एकाआड एक. खोली सातच इंच: तळाला बारीक चुरा नसलेली तीन इंच खडी, म्हणजे ओल वर ओढली जात नाही. त्यावर 250 मायक्रॉनचं प्लास्टिक, सांध्यावर सहा इंच चढवलेलं. मग इंचभर एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा पण घट्ट, बिनफटींचा फोम. साधा थर्माकोल मुद्दाम टाळला, त्याच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं. वर काँक्रीट आणि फरशी. दरवाजे खालून थोडे कापावे लागले, त्यावर काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

प्लास्टिकने अडवलेली ओल भिंतीकडे वळते, म्हणून बाहेरचा कोबा दोन फूट रुंदीत फोडून तिथे खडी भरली आणि आतला सिमेंटचा गिलावा खालून तीन फूट काढून चुन्याचा केला.

पुढच्या जुलैत तेच तीन तुकडे पुन्हा चिकटवले. वरखाली कोरडे. भिंतीचा तळ मात्र अजून वीतभर काळाच. काकांनी बोट दाखवलं. मी म्हटलं, "जाड भिंत वाळायला महिन्याला इंच धरा."

त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे दीड वर्ष. तोवर कृष्णामाई आली नाही तर."